सत्त्या आणि नव्व्याच्या मधली जागा

१

दुपारची जेवणं उरकली, की नव्व्या खांद्याला कापडी पिशवी अडकवून सत्त्याच्या घराकडे निघे. पिशवीत असायचं काय, तर एक रुमाल आणि चष्म्याची रिकामी डबी. एवढ्यासाठी पिशवी कशाला, असं त्याची बायको होती तेव्हा रोज विचारायची, आणि तो रोज नवी थाप मारायचा. खरं उत्तर त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं. पिशवी जागा धरायला लागायची, बस्स.

दोघंही आता पिकली पानं. दोघांनाही कवळ्या, दोघांचेही गुडघे कुरकुरणारे आणि दोघंही अट्टल चावट. एकदा तर एकाची कवळी दुसऱ्याच्या पेल्यात जाऊन पडली होती आणि दोघंही दिवसभर ‘हल्ली बोलताना शिट्टी का वाजते’ म्हणून हैराण. सत्त्याच्या सुनेने यांच्यापुढे हात टेकले होते. दार उघडताना ती आधी नव्व्याचे हात बघायची, मग तोंड.

“काका, मुठीत काय लपवलंय?”

“काही नाही गं. म्हातारपण.”

“ते लांबूनच दिसतं. मूठ उघडा आधी.”

मूठ उघडली की तिच्याच दारावरच्या घंटेचं बटण निघायचं.

मागच्या खोलीत एक लांब लाकडी बाक होता. त्याच्या उजव्या टोकाला सत्त्या, डाव्या टोकाला नव्व्या आणि मधल्या जागेवर नव्व्याची पिशवी. समोर टेबल. टेबलावर फडक्याखाली मशीन.

मशीन म्हणजे जुन्या काळचं, हिशोब करणारं. हल्लीच्या पोरांना दाखवलं तर म्हणतील, खिमा करायचं का? काळं, वजनदार, उजव्या अंगाला फिरवायचं हँडल. वर खिट्ट्यांची रांग, तिच्यावर आकडा लावायचा. खाली सरकणारा गाडा, त्यात तेरा बारक्या खिडक्या, तिथे उत्तर दिसायचं. नऊने गुणायचं तर नऊ फेरे. अठरा म्हणजे आठ फेरे, मग गाडा एक घर सरकवायचा आणि वर एक फेरा. शून्याच्या खाली गेलात तर आत घंटी वाजायची, टिंग! उधळ्या माणसासाठी ती वेळेवर वाजली, तर तिच्यासारखी सोय नाही.

फडकं काढलं, की दोघं रोज तेच करायचे. सगळ्यांची हजेरी घ्यायचे. सगळे म्हणजे त्यांच्या कारखान्यातले, जे आता कुठल्याच कारखान्यात नव्हते. आठांपैकी सहा जण गेले होते. उरलेले हे दोघं. सत्त्या गेला, तर ‘नव्व्या’ अशी हाक मारणारं जगात कुणी राहणार नव्हतं. बाहेर सगळे त्याला काका, आजोबा किंवा ‘अहो, जरा सरका’ म्हणत. नव्व्या हे कधी बोलून दाखवत नसे. फक्त सत्त्याच्या घराच्या कोपऱ्यावर आला, की खिडकी उघडी आहे ना ते आधी बघायचा.

२

कारखाना कसला, एका मोठ्या कचेरीच्या मागची लांबुडकी खोली. वरच्या काचांतून ऊन तिरकं यायचं आणि त्यात तेलाचा वास तरंगताना दिसायचा, असं नव्व्या अजून शपथेवर सांगे. बिघडलेली मशीनं तिथे यायची आणि दुरुस्त होऊन जायची. भिंतीलगत एक लांब बाक, त्यावर ओळीने कामगार. दिवसभर करर्र, खट्, करर्र, खट्. मधेच कुणाची तरी टिंग, आणि सगळे एका सुरात ओरडायचे, “दिवाळं निघालं!”

सगळ्यांच्या वर मास्तर. बारीक माणूस, मिशी जाड. मिशीला माणूस लावलाय असं वाटायचं. मशीन दुरुस्त झालं की नाही हे तपासायला मास्तर एक आकडा लावायला लावी. १२३४५६७९. एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. नीट बघा, त्यात आठ नाही. सातावरून थेट नवावर उडी.

“याला नऊने गुणा,” मास्तर म्हणे.

नऊ फेरे फिरवले, की खिडक्यांत नऊ एक ओळीने उभे राहत. १११११११११. कवायतीसारखे. एखादं चाक जरी केसभर घसरलेलं असलं, तरी रांगेत तेवढंच वाकडं दिसायचं. अठराने गुणलं तर सगळे दोन. सत्तावीसने सगळे तीन. त्रेसष्टने सगळे सात. एक्याऐंशीने सगळे नऊ. खोटं वाटत असेल तर घरातल्या हुशार पोराला बसवा गुणाकाराला, तेवढाच तो तासभर गप्प बसेल. आणि गंमत अशी, की कुणालाही बोलवा, फेरे नऊच. अठराला आठ आणि एक, त्रेसष्टला तीन आणि सहा, एक्याऐंशीला एक आणि आठ. गाडा एक फेरा आधी सरकवायचा, की पुढचा आकडा हजर.

म्हणून मास्तराने प्रत्येकाला एकेक आकडा दिला होता. मशीन हातावेगळं केलं, की आपापला आकडा काढून दाखवायचा, सहीऐवजी. त्याला ते हजेरी म्हणत. स्वतः मास्तर एक्का. मग दुर्ऱ्या, तिर्ऱ्या, असं करत सत्त्यापर्यंत. नव्व्या कामाला लागला तेव्हा बाकावर सात जण होते.

“म्हणजे मी आठवा,” तो ऐटीत म्हणाला.

मास्तराने मान हलवली. त्याने खिट्ट्यांवर आठ घातला, १२३४५६७८९, आणि नऊ फेरे फिरवले. खिडक्यांत आलं ११११११११०१. सगळे एक, आणि शेवटून दुसऱ्या खिडकीत शून्य.

“बघितलंस? आठाला आत घेतलं, की एकाची जागा रिकामी होते. आपल्याकडे आठ नाही. तू नऊ. आणि बहात्तरने कुणी गुणायचं नाही.”

“का?”

“का म्हणून विचारणाऱ्याला झाडू देतो मी,” मास्तर म्हणाला.

शिकलेल्या माणसाने त्यावर अजून चार प्रश्न विचारले असते. नव्व्या तसा नव्हता, म्हणून त्याची नोकरी टिकली.

सत्त्या त्याच्या शेजारीच होता. फणीसारखे दात काढून हसत होता. त्याने नव्व्याच्या कानात सांगितलं, “अरे, त्या आकड्याला दोनच दारं आहेत. सदतीसने भाग जातो आणि तीन लाख तेहेतीस हजार सहाशे सदुसष्टने जातो. तिसरं दार नाही. मास्तराला भीती कसली वाटते कळत नाही. अठ्ठ्या येणार तरी कुठून?”

३

नव्या माणसाची गंमत करायची रीत सगळ्याच कामांत असते. इथली रीत अशी, की त्याला अठ्ठ्याकडे पाठवायचं.

“जा, अठ्ठ्याकडून डावा स्क्रूड्रायव्हर घेऊन ये.”

डावा स्क्रूड्रायव्हर नावाची वस्तू जगात नाही, आणि अठ्ठ्याही नाही. नवा माणूस बिचारा कचेरीभर हिंडायचा. ज्याला विचारावं तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “अठ्ठ्या? आत्ताच गेला.” कारकून सांगायचा, चहावाला सांगायचा, फाटकावरचा पहारेकरी तर “हा काय, वळणावर दिसतोय बघ” म्हणून बोटही दाखवायचा. तासाभराने घामाघूम होऊन तो परत आला, की सगळा बाक खो खो हसायचा आणि मग तो आपला.

नव्व्यालाही पाठवला. सगळीकडून “आत्ताच गेला” ऐकत ऐकत तो मागच्या कोठारात शिरला. तिथे मोडीत निघालेली मशीनं फडकी पांघरून रचलेली. दोन रचांच्या मधल्या बोळात एक माणूस पाठमोरा बसून काहीतरी उघडत होता. नव्व्याने विचारलं, “अठ्ठ्या तुम्हीच का?”

माणूस वळला नाही. डावा हात तेवढा मागे आला. त्यात स्क्रूड्रायव्हर.

“हा घे,” तो म्हणाला. “आणि माझी जागा धरून ठेव. आलोच.”

आवाज साधाच होता. तिकिटाच्या रांगेत पुढचा माणूस म्हणतो तसा.

नव्व्या स्क्रूड्रायव्हर घेऊन बाकापाशी आला. हसणं सुरू झालं होतं, ते मधेच तुटलं. मास्तराने ती वस्तू हातात घेतली. लाकडी मूठ, जुनी, वर्षानुवर्षं वापरून झिजलेली. अंगठ्याचा खळगा पडला होता. उजव्या हातात धरली की खळगा भलतीकडे यायचा. डाव्या हातात बरोबर बसायचा. आणि मूठ कोमट होती.

“कुणी दिला?”

“अठ्ठ्याने.”

मग सत्त्याने मांडीवर थाप मारली. “वा रे पठ्ठ्या! आपल्यालाच टोपी घातली याने!” आणि सगळा बाक इतका हसला, की कचेरीतून कुणीतरी बघायला आलं. मास्तर हसला नाही. त्याने तो स्क्रूड्रायव्हर खणात टाकला आणि अठ्ठ्याची गंमत त्या दिवसापासून बंद केली.

दुपारी नव्व्या परत कोठारात गेला, आभार मानायला म्हणा की खात्री करायला. बोळ सापडला नाही. मशीनांचे रच एकमेकांना चिकटून उभे होते. मधून मांजरही गेलं नसतं. आपण दुसऱ्या बाजूने आलो असू, असं त्याने मनाला सांगितलं. मन तेव्हा तरुण होतं, सांगितलेलं ऐकायचं. अख्ख्या कारखान्यात त्याला बिलंदर म्हणून मान मिळाला होता, तो कोण हातचा घालवणार?

फक्त बाकावर बसताना त्याने आपली पिशवी सत्त्याच्या आणि स्वतःच्या मध्ये ठेवली. सांगितलं होतं ना, जागा धर म्हणून. दुसऱ्या दिवशीही ठेवली. मग ती सवयच झाली. पुढे कारखाना बंद पडला, मशीनं भंगारात गेली, सत्त्याने बाक आणि एक मशीन उचलून घरी आणलं, एक एक करून माणसं गेली. पिशवी काही तिथून हलली नाही.

४

त्या दुपारी हजेरी नेहमीसारखी चालली होती. हँडल सत्त्याकडे, गाडा नव्व्याकडे. एकेक आकडा उमटला, की दोघांपैकी कुणीतरी त्या माणसाच्या आवाजात “हजर” म्हणायचं. मास्तराचा हजर घोगरा. तिर्ऱ्याचा नाकातून. पंज्याचा तोतरा, “ह-ह-हजर, आणि प-पगार कधी?” त्यावर दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे आणि पाणी पुसताना एकमेकांकडे बघायचं टाळायचे.

“आता मी,” सत्त्या म्हणाला. तीन फेरे, गाडा, मग सहा.

गप्पा चालल्या होत्या. मास्तराने एकदा मिशीला वंगण कसं लावलं होतं ते सत्त्या सांगत होता. दोन फेरे झाले आणि नव्व्याच्या हाताने गाडा सरकवला. एक फेरा आधी. सत्त्या बोलता बोलता फिरवत राहिला, नऊ पुरे होईपर्यंत.

त्रेसष्टाचे बहात्तर झाले. खिडक्यांत आठ आले होते. ८८८८८८८८८. नऊच्या नऊ, एकाला एक लागून.

इतक्या वर्षांत दोघांनीही ते कधी बघितलं नव्हतं. आठाचा आकडा इतका गुबगुबीत असतो हे नव्व्याच्या तेव्हा ध्यानात आलं. खिडक्या भरून गेल्यासारख्या दिसत होत्या.

“हजर,” कुणीतरी म्हणालं.

सत्त्या हसला. “काय आवाज काढलास रे! हा कुणाचा?”

“मी कुठे काढला? तूच म्हणालास.”

“माझ्या तोंडात बिस्कीट आहे, गाढवा.”

खरंच होतं. अर्धं बिस्कीट गालात तसंच होतं.

“चल, थापाड्या,” नव्व्या म्हणाला. “बिस्किटासकट बोलायची कला तुला पंज्याने शिकवली आहे.”

सत्त्याने बिस्कीट गिळलं आणि खिडक्या पुसून शून्यावर आणल्या. दोघांनी हा विषय हसण्यावारी नेला. नेला म्हणजे काय, दोघांनाही खात्री होती की समोरच्यानेच केलं. पन्नास वर्षं एकमेकांना फसवलेल्या माणसांचं हेच दुखणं. खरं काही घडलं, तर आधी मित्राचाच संशय.

निघताना नव्व्याने पिशवी उचलली. खालची फळी कोमट होती. तिथे ऊन येत नव्हतं. पिशवीने ऊब धरली असेल, तो पुटपुटला. पिशवीत रुमाल आणि रिकामी डबी. डबी ऊब धरते का, हा विचार त्याने रस्त्यावर आल्यावर मुद्दाम सोडून दिला.

५

दुसऱ्या दिवशी सुनेने तीन कप आणले.

“तिसरा कुणाला?” नव्व्याने विचारलं.

“बाबा म्हणाले, तिघांचा टाक.”

“मी?” सत्त्या म्हणाला. “मी कधी म्हणालो?”

“बाबा, स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून म्हणालात. आता मला वेड लागलं असं सगळीकडे सांगू नका हं दोघं मिळून.” ती कप आपटून गेली. तिचंही बरोबर होतं. या दोघांनी तिला एकदा मिठाच्या डब्यात साखर आणि साखरेच्या डब्यात मीठ भरून पाहुण्यांसमोर उभं केलं होतं.

नव्व्याने फडकं काढलं. खिट्ट्यांवर आकडा लावून ठेवलेला होता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ.

“सत्त्या, पुरे झालं.”

“मी हात लावला नाही.”

“मग सूनबाईने लावला?”

“तिला हे मशीन शिवणाचं वाटतं.”

नव्व्याने नऊ फेरे जोरात फिरवले. ११११११११०१. शेवटून दुसऱ्या खिडकीत शून्य. काळ्या पट्टीवरचं ते पांढरं कडं उघड्या तोंडासारखं दिसत होतं.

“चाक झिजलंय,” तो म्हणाला.

“झिजलेलं नाही,” सत्त्या हळू म्हणाला. “आठ घातला की एवढंच उत्तर येतं. मास्तराने दाखवलं होतं की. एकाची जागा रिकामी होते.” मग हसण्याचा प्रयत्न करत, “शेवटी नऊ, म्हणजे तू. तुझ्या शेजारचा उठतो वाटतं.”

“तोंड धू.”

“अरे, गंमत रे.”

सत्त्याने मशीनचं मागचं झाकण उघडायला हत्यारांचा डबा ओढला. आत बोटं फिरवून जे हाताला लागलं ते काढलं. लाकडी मूठ, झिजलेली. कारखाना बंद झाला तेव्हा मास्तराच्या खणातलं सगळं याच डब्यात आलं होतं. सत्त्याने ते हत्यार स्क्रूला लावलं आणि फिरवायला लागला. सराईतपणे, झरझर.

“सत्त्या,” नव्व्या म्हणाला.

“काय?”

“कुठल्या हाताने करतोयस?”

सत्त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. डावा अंगठा त्या खळग्यात असा बसला होता, की खळगा त्याच्यासाठीच पडला असावा. त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. हात मांडीखाली घेऊन तो त्यावर बसला, थंडीत लहान मुलं बसतात तसा.

“तू केलेलं असलंस तर आत्ता सांग,” तो म्हणाला. आवाजात पहिल्यांदाच चावटपणा नव्हता. “मी रागावणार नाही. उलट शाबासकी देईन.”

नव्व्याला कबूल करावंसं वाटलं. सगळं मीच केलं म्हणावं, शिव्या खाव्यात आणि चहा प्यावा. पण त्याची नजर मधल्या कपाकडे गेली. आणि सत्त्याला ते कळलं.

मधला चहा तसाच होता. कप मात्र थोडा रिकामा दिसत होता. सुनेनेच कमी ओतला असेल.

६

“जसा आणला, तसा धाडू,” सत्त्या तिसऱ्या दिवशी म्हणाला. रात्रभर झोपला नसावा. दाढी अर्धीच केलेली, उजव्या गालावरची राहिलेली. “बहात्तर घालायचे आणि बहात्तर उलटे फिरवून काढायचे. खिडक्यांत शून्य आलं, की गेला. हिशोबाला हिशोबाची भाषा कळते.”

“आणि नाही गेला तर?”

“तर तुझ्या घरी नेऊन सोड. तुझ्याकडे जागा भरपूर आहे.”

दुपार लख्ख होती. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, फुस्स, फुस्स. शेजारी कपडे झटकल्याचा आवाज येत होता. भीती वाटावी असं त्या खोलीत काही नव्हतं. नव्व्याने पिशवी मधल्या जागेवर ठेवली आणि तिच्यावर कोपर टेकून बसला, म्हणजे ती हलायला नको.

सत्त्याने जुना आकडा लावला, आठ सोडून. मग दोन फेरे, गाडा, सात फेरे. आठांची रांग उभी राहिली. या वेळी दोघांनीही तोंडावर हात धरले होते. ‘हजर’ कुणी म्हणालं नाही. कपडे झटकायचा आवाज मात्र थांबला.

मग उलटं. सात फेरे मागे, गाडा मागे, दोन फेरे मागे. खिडक्यांत तेरा शून्यं. स्वच्छ, पुसलेली.

“गेला,” सत्त्या म्हणाला.

त्याचा चेहरा एकदम तरुण झाला. कारखान्यात अवघड मशीन हातावेगळं झालं की असाच व्हायचा. नव्व्याला आठवलं, तिरकं ऊन, तेलाचा वास, सगळा बाक. त्यालाही हलकं वाटलं.

आणि त्या जुन्या आनंदात सत्त्याने तेच केलं, जे त्यांच्यातल्या प्रत्येकाचा हात काम संपल्यावर आपोआप करायचा. घंटी वाजते की नाही, ते बघायला शून्यावरून एक उलटा फेरा दिला. पूर्वी हे करायच्या आधी खिट्ट्या खाली घेऊन फक्त एकावर ठेवायचे. या वेळी खिट्ट्यांवर तोच आकडा होता.

टिंग.

खिडक्यांत उभं होतं: ९९९९९८७६५४३२१.

दोघं वाचत राहिले. नव्व्या मनातल्या मनात उजवीकडून डावीकडे गेला. एक, दोन, तीन, सगळे आपापल्या जागी, ओळीने, बाकावर बसायचे तसे. मास्तर. दुर्ऱ्या. तिर्ऱ्या. सहा, सात. आणि सातानंतर उडी नव्हती. सात आणि नऊच्या मध्ये, जिथे कधीच कुणी नव्हतं, तिथे आठ बसला होता.

शून्याच्या वरून मोजलं तर तो नव्हता. खालून मोजलं तर तो पहिल्यापासून तिथेच होता.

कोपराखालची पिशवी हळूच पुढे सरकली. आपल्याला बाकावर जागा हवी असली, की आपण दुसऱ्याचं सामान कसं सरकवतो? अदबीने, दोन बोटांनी. तशी.

नव्व्याने मान वळवली नाही. समोरच्या खिडक्यांकडेच बघत तो म्हणाला, “सत्त्या, ऊठ. बाहेर चल.”

“हो,” सत्त्या म्हणाला. त्याचा आवाज बाकाच्या टोकापेक्षा बराच लांबून आल्यासारखा वाटला.

नव्व्या पिशवी ओढून घेऊन बाहेर अंगणात आला. मागे बघितलं तर सत्त्या दाराशीच उभा. “जरा फडकं टाकून येतो,” म्हणाला आणि आत गेला.

नव्व्या बराच वेळ उभा राहिला. शेवटी सून बाहेर आली. “काका, बाबा झोपलेत. उद्या या.”

७

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरून त्याने आधी खिडकी पाहिली. उघडी होती. त्याच्या जिवात जीव आला. आतून मशीनचा आवाज येत होता, करर्र, खट्. सत्त्या त्याच्याशिवाय कधी मशीन फिरवत नसे, पण रुसला असेल. रुसलेला सत्त्याही चालला असता.

सुनेने दार उघडलं. मूठ बघितली नाही.

“बाबा आत आहेत, जा.”

“बरे आहेत ना?”

“बरे म्हणजे? खडखडीत आहेत. सकाळपासून मशीनला चिकटलेत. जेवलेसुद्धा एका हाताने.”

“कुठल्या?” नव्व्याने विचारलं.

ती चमकून हसली. “हे काय आता नवीन? डाव्या. बाबा पहिल्यापासून डावरेच ना, काका? तुम्हीच तर नकला करायचात.”

तिचा चेहरा निरखून त्याने पाहिलं. या घरात थट्टा करायची अक्कल आता हिलाही आली असावी, असं त्याला फार फार वाटलं. ती नुसती उभी होती, हात पदराला पुसत.

मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून बाक दिसला. डावं टोक रिकामं. उजवं टोक रिकामं. मधल्या जागेवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, सत्त्याच्याच सदऱ्यात. हँडल मशीनच्या उजव्या अंगाला. डाव्या हाताने ते फिरवायचं तर आडवं व्हावं लागतं. तो आडवा झाला होता, आरामात, जन्मभराची सवय असल्यासारखा. अंगठा तेवढा दिसत होता.

नव्व्याच्या हजार गमती करून झाल्या होत्या. दारामागून भॉक् केलं होतं, मेल्याचं सोंग घेऊन तिर्ऱ्याला रडवलं होतं. आता त्यातली एकही कामाची नव्हती. त्याने फक्त विचारलं, जसं पोरगा असताना कचेरीभर विचारत हिंडला होता:

“सत्त्या कुठे आहे?”

हँडल थांबलं. माणूस वळला नाही.

“सत्त्या?” साध्या आवाजात तो म्हणाला. “आत्ताच गेला.”

मग बाकाच्या डाव्या टोकावर त्याने थाप मारली. ये, बस. “जागा धरलीस,” तो म्हणाला, “बरं केलंस.”

पळून जायला हरकत नव्हती. गुडघे कुरकुरले असते, पण पळता आलं असतं. नव्व्या मात्र आत गेला. टेबलाला वळसा घालून, नजर खिडक्यांवर ठेवून, तो बाकाच्या उजव्या टोकापाशी आला. तिथे सत्त्याचं अर्धं बिस्कीट पडलं होतं. फळी गार होती. त्याने खांद्यावरची पिशवी काढली आणि तिथे ठेवली. रुमाल, रिकामी डबी. पट्टा नीट आत सारला, कुणाला सरकवावीशी वाटू नये म्हणून.

मग तो आपल्या टोकाला येऊन बसला.

अजूनही रोज दुपारी जातो. सून तीन कप आणते आणि का आणते ते विचारत नाही. हजेरी चालते. शेजारचा हँडल फिरवतो, गाडा नव्व्याकडे. त्रेसष्टाची पाळी आली, की नव्व्या कुणाला ऐकू न येता फेरे मोजतो. तीन. गाडा. सहा. खिडक्यांत साताची रांग उभी राहते, ७७७७७७७७७, एकही वाकडा नाही.

तेव्हा तो ‘हजर’साठी पिशवीकडे कान लावतो. शेजारचाही थांबतो. घाई करत नाही. थांबायची सवय त्याच्याइतकी कुणाला आहे?